केटोकोनॅझोल शाम्पू: कोंड्याला साडेचार, केसगळतीला अडीच

पाचपैकी गुण शीर्षकातच दिलेत, कारण नौपाड्यात किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये औषधाच्या दुकानासमोर उभं राहून मोबाइलवर हे वाचणाऱ्याला तेवढंच हवं असतं. डोक्यात खाज आहे, पिवळट चिकट कोंडा आहे, टाळू धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तेलकट होते आणि सोबत केसही गळताहेत, असं सगळं एकत्र असेल तर बाटली घ्या. टाळू स्वच्छ आहे, खाज नाही आणि फक्त कपाळ मागे सरकतंय, तर या बाटलीकडून फारशी आशा ठेवू नका. पैसे वाया जाणार नाहीत, पण सहा महिने वाया जातील, आणि टकलाच्या बाबतीत सहा महिने हे पैशांपेक्षा महाग असतात.

आधी बाटलीत काय आहे ते. औषध केटोकोनॅझोल, प्रमाण २ टक्के, म्हणजे १०० मिलीत २ ग्रॅम. निझरल आणि केटोमॅक ही ओळखीची नावं याच प्रमाणाची. स्काल्प प्लसमध्ये २ टक्के केटोकोनॅझोलच्या जोडीला १ टक्का झिंक पायरिथिऑन आहे. काउंटरवरचा माणूस दुसरीच बाटली पुढे करून “तेच आहे, कंपनी वेगळी” म्हणेल. ते बहुतेक वेळा खरंही असतं, पण पुढचं नाव न वाचता मागची बारीक अक्षरं वाचा. एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर किंवा ‘प्रो’, ‘डेली’ असं काही जोडलेलं असलं की आतला माल बदललेला असू शकतो: केटोकोनॅझोल गायब आणि नुसतं कोंड्याचं साधं सौंदर्यप्रसाधन. घटकांच्या ओळीत ‘केटोकोनॅझोल २ टक्के’ हे शब्द सापडले नाहीत तर बाटली परत करा. सेलेनियम सल्फाइडचे शाम्पू हे वेगळं औषध. कोंड्यावर तेही चालतं, पण केसगळतीच्या संदर्भात ज्याची चर्चा होते ते हे नाही. अमेरिकेहून कोणी आणलेली बाटली असेल तर प्रमाण तपासा. तिकडे चिठ्ठीशिवाय मिळणारा शाम्पू १ टक्क्याचा असतो.

दिसायला गुलाबी-लालसर, पातळसर, वास औषधी. सुगंधाच्या अपेक्षेने घेणाऱ्यांची निराशा होईल. धुतल्यावर केस सुतळीसारखे लागतात ही सर्वांत मोठी तक्रार, आणि ती रास्त आहे. या शाम्पूचा पाया तेल काढण्यासाठी बनवलेला आहे, केस मऊ करण्यासाठी नाही.

बुरशीच्या औषधाचा केसगळतीशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या डोक्यात राहते, तुमच्याही आणि आमच्याही. टाळूतून झिरपणारं तेल हे तिचं अन्न. ते पचवताना ती जी स्निग्धाम्लं मागे सोडते त्यांनी काही जणांची त्वचा चिडते, पेशी घाईघाईने झडू लागतात आणि पापुद्रे दिसू लागतात. त्यालाच आपण कोंडा म्हणतो. मुळांभोवती अशी धुमसती सूज राहिली, वर खाजवणं चालूच राहिलं, की केस लवकर सुटतात. केटोकोनॅझोल बुरशीच्या पेशीचं पातळ आवरण (पेशीपटल) उभारायला लागणाऱ्या एर्गोस्टेरॉलचं उत्पादन अडवतं. बुरशी आटोक्यात आली की सूज उतरते आणि केसाला निदान शांतता मिळते. औषध केस आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटून राहतं, म्हणून रोज लावायची गरज पडत नाही.

आता टक्कल. पुरुषी टकलामागे डीएचटी हे संप्रेरक असतं. केटोकोनॅझोल थोडंफार डीएचटीच्या आड येतं असा दावा सर्रास केला जातो. पोटातून घेतलेल्या मोठ्या मात्रेत हे औषध पुरुषी संप्रेरकांचं उत्पादन कमी करतं, हे खरं. शाम्पूतून मात्र ते रक्तात जवळजवळ पोचत नाही, आणि पाच मिनिटांत मुळाशी किती काम होतं हे ठामपणे कोणी दाखवलेलं नाही. १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू वापरणाऱ्या पुरुषांच्या केसांची दाटी आणि वाढीच्या अवस्थेतल्या केसांचं प्रमाण जवळजवळ मिनॉक्सिडिल (टकलासाठी टाळूला लावायचं औषध) वापरणाऱ्यांइतकंच सुधारलं होतं. इंटरनेटवरचा सगळा उत्साह याच्यावर उभा आहे. पण अभ्यास लहान होता आणि तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी होती, आज वापरतात त्या ५ टक्क्यांशी नव्हे. अमेरिकेच्या औषध नियामकाने पुरुषी टकलासाठी मान्यता दिली आहे ती मिनॉक्सिडिलला आणि १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडच्या गोळीला. या शाम्पूला ती नाही. म्हणून अडीच गुण: शून्य देणं अन्याय होईल, चार देणं खोटं.

गोळीच्या रूपात हेच औषध जास्त जोरदार चालेल का, असं विचारणारेही असतात. नको. २०१३ साली यकृताला होणाऱ्या इजेमुळे युरोपात या गोळ्यांची विक्री थांबवायला सांगितली गेली आणि अमेरिकेत त्यांच्यावर कडक मर्यादा आल्या. केसांसाठी तिचं नावही काढू नका.

वापरण्याची पद्धत हाच या परीक्षणाचा गाभा आहे, कारण “काही फरक पडला नाही” म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण हे औषध केसांना लावतात, टाळूला नाही. केस पूर्ण ओले करा, कोमट पाण्याने. गीझरचं कढत पाणी टाळू आणखी कोरडी करतं. डोक्याला तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने एकदा धुऊन काढा, नाहीतर औषध तेलाच्या थरावर बसून राहतं. मग आखूड केसांना एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, आणि लांब केसांना १० ते १५ मिली तळहातावर घ्या. बोटांच्या पेरांनी भांग पाडत पाडत थेट त्वचेवर लावा: कपाळाच्या कडेला, कानांमागे, मानेच्या वर आणि भोवऱ्यावर. नखं लावू नका. खाज असली की हात आपोआप खाजवायला लागतो आणि सुजलेल्या त्वचेवर ओरखडे उठतात. भुवया किंवा नाकाच्या बाजूला पापुद्रे असतील तर हाच फेस तिथेही लावता येतो, डोळे सांभाळून.

यानंतर थांबायचं. तीन ते पाच मिनिटं, घड्याळ लावून. सकाळी सात-वाजून-काहीची लोकल पकडणाऱ्याला बाथरूममध्ये पाच मिनिटं उभं राहणं शक्य नसतं, म्हणून तो अर्ध्या मिनिटात डोकं धुतो आणि औषध गटारात जातं. उपाय सोपा आहे. अंघोळीच्या सुरुवातीलाच शाम्पू लावा, मग अंगाला साबण, दात, दाढी, आणि शेवटी डोकं धुवा. किंवा सकाळचा हट्टच सोडा आणि बुधवारची रात्र व रविवार असे दोन दिवस ठरवा. ठाण्यात पाणी बंदची सूचना आली असेल तर तो वार बदला. हे औषध बादलीभर पाण्यात काटकसरीने धुऊन काढण्यासारखं नाही.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे: मगात शाम्पू कालवायचा, भरपूर फेस काढायचा आणि डोक्यावर ओतायचा. साध्या शाम्पूला चालेल, शाम्पू वाचतोही. इथे मात्र २ टक्क्यांचं औषध पातळ होतं आणि पाच मिनिटं टिकण्याऐवजी पाठीवरून ओघळून जातं. फेस कमी आला म्हणून आणखी अर्धी बाटली ओतू नका. औषध फेसात नसतं.

प्रमाण असं: आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. कोंडा आणि खाज उतरली की आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा, तो परत येऊ नये म्हणून. केसगळतीच्या जोडउपचारात त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून दोन-तीनदाच पुढे चालू ठेवायला सांगू शकतात. रोज वापरू नका. रोज वापरणाऱ्याचे केस पंधरा दिवसांत झाडूसारखे होतात, तुटू लागतात, आणि तुटलेले केस पाहून तो म्हणतो की शाम्पूने गळती वाढली. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. वैतागून बाटली फेकण्याआधी चार केस उजेडात धरून पाहा. कोरडेपणासाठी कंडिशनर लावा, पण केसांच्या खालच्या भागाला. टाळूपासून चार बोटं लांब.

मधल्या दिवशी सौम्य शाम्पू चालेल, शिकेकाईही चालेल. लिंबू चोळू नका. आधीच सुजलेल्या त्वचेला आम्लाची काय गरज?

आता तेलाबद्दल, कारण यावर घरोघरी वाद होतो. कोंडा कोरडेपणाने होतो आणि त्यावर तेल हा उपाय, असं आजीपासून सगळे सांगतात. खोबरेल तेलाने पापुद्रे तात्पुरते चिकटून बसतात, म्हणून दोन दिवस बरं दिसतं. पण चिकट पिवळा कोंडा हा तेलाच्या कमतरतेचा नसतो, आणि मॅलासेझिया ज्या स्निग्धाम्लांवर पोसली जाते त्यांत खोबरेलातलं लॉरिक आम्लही बसतं. शनिवारी रात्री चंपी करून रविवारी हा शाम्पू लावणं म्हणजे बुरशीला जेवू घालून मग हाकलणं. तेल सोडवतच नसेल तर केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावा, आणि धुण्याआधी तासभर. टाळूला नको, निदान पहिले चार आठवडे.

पाण्याचा मुद्दा ठाणेकरांना लगेच पटेल. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात तिथे पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं बसत असतील तर तुमच्याकडेही तेच आहे. जड पाण्यात फेस कमी येतो आणि धुतल्यावर केसांवर राप राहतो. जड पाण्याने टक्कल पडतं हा सोसायटीच्या ग्रुपवरचा लाडका समज आहे, पण तसा धड पुरावा नाही. केस मात्र खरखरीत होतात आणि विंचरताना तुटतात. पालिकेच्या पाण्याचा नळ वेगळा असेल तर शेवटचे दोन मग त्या पाण्याचे घ्या. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी वाचवायचं म्हणून डोक्यावर घेऊ नका. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. त्याने गॅलरी धुवा. मोरबे धरणाचं पाणी मिळणाऱ्या नवी मुंबईकरांना हा त्रास कमी, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

त्यांचा त्रास वेगळा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज हेल्मेट घालून जाणाऱ्यांच्या डोक्यात घाम आणि तेल तासभर कोंडून राहतं, आणि पावसाळ्यात हेल्मेटचं अस्तर आठवडाभर वाळत नाही. आठवड्यातून दोनदा औषध लावायचं आणि रोज तेच ओलं अस्तर डोक्यावर चढवायचं, यात शाम्पूची काय चूक? अस्तर निघत असेल तर दर आठवड्याला धुवा, निघत नसेल तर आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. ओले केस बांधून ऑफिसला जाणं हाही त्याच जातीचा प्रकार. उशीचा अभ्रा आणि कंगवाही आठवड्याला धुवा.

मिनॉक्सिडिल चालू असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी शाम्पू, मग टाळू पूर्ण कोरडी, मग १ मिली मिनॉक्सिडिल, आणि नंतर निदान चार तास डोकं धुवायचं नाही. सकाळी मिनॉक्सिडिल लावून तासाभराने हा शाम्पू लावणारे दोन्ही औषधांचे पैसे घालवतात. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसते, कारण जुने केस नव्यांना जागा करून देतात. दोन्ही एकाच दिवशी सुरू केले की दोष कोणाला द्यायचा ते कळत नाही. शाम्पू दोन-तीन आठवडे आधी सुरू करा.

फरक कधी? खाज आठवडा-दोन आठवड्यांत उतरते, पापुद्रे चार आठवड्यांत. तेवढ्यात काहीच झालं नाही तर तो कोंडा नसून सोरायसिस असू शकतो: जाड, चांदीसारख्या खपल्या, कपाळाच्या रेषेपुढे आलेल्या. डॉक्टरांना दाखवा. दाटीचा निकाल सहा महिन्यांआधी लागत नाही, कारण गळायच्या तयारीतला केस साधारण तीन महिने मुळातच बसून असतो आणि नवा केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटर वाढतो. रोज नहाणीच्या जाळीवरचे केस मोजत बसू नका. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे, आणि तीन दिवसांनी डोकं धुतलं की तीन दिवसांचे एकदम दिसतात. त्यापेक्षा फोटो काढा: तोच दिवा, तोच भांग, कोरडे केस, तेवढीच लांबी. सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात.

काही ठिकाणी ही बाटली घेऊच नये. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ती गळती बुरशीची नाही. तिथे फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासणं जास्त उपयोगाचं. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला असेल तर ती चाई, तिच्यावर हा शाम्पू काम करत नाही. आणि लहान मुलाच्या डोक्यात खपल्यांचा चट्टा, तुटलेले खुंट आणि सूज असेल तर तो नायटा असू शकतो. इथे घोटाळा असा होतो की बुरशीचा शाम्पू आहे म्हणून घरचे महिनाभर तोच लावत बसतात. डोक्यातला नायटा केसाच्या आत शिरलेला असतो, त्याला पोटातून औषध लागतं. शाम्पू फक्त इतरांना होणारा संसर्ग कमी करतो. उशीर झाला तर तिथे व्रण पडून केस कायमचे जातात.

डोक्याला आधीपासून स्टेरॉइडचं लोशन चालू असेल तर शाम्पू आणला म्हणून ते एकदम बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत कमी करत बंद करायचं असतं, नाहीतर त्वचा भडकते. कुरळे किंवा सरळ करण्यासाठी रसायनं लावलेल्या केसांचा आकार या शाम्पूने बिघडू शकतो, आणि पांढऱ्या केसांवर क्वचित रंगाची झाक येते. सलूनमध्ये काही हजार मोजून आलेल्यांनी हे आधी वाचलेलं बरं.

खर्चाचा हिशोब मिलीवर करा, बाटलीवर नको. बाटल्या वेगवेगळ्या मापाच्या येतात आणि छोटी स्वस्त वाटली तरी दर मिलीला महाग पडते. आठवड्यातून दोनदा ५ मिली धरले तर १०० मिलीची बाटली आखूड केसांना दहा आठवडे जाते. लांब केसांना १५ मिलीच्या हिशोबाने तीन आठवड्यांपेक्षा थोडी जास्त. पहिल्या महिन्यानंतर आठवड्यातून एकदाच लागत असेल तर खर्च निम्मा. ऑनलाइन भरघोस सवलतीत मिळाली तर झाकणाचं सील, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख उघडण्याआधी पाहा, आणि ती गीझरखालच्या कोनाड्यात ठेवू नका. तिथला उकाडा लेबलवरच्या तापमानात बसत नाही.